हवेचं गणित मांडणारा इंजिनिअर : विलिस कॅरियर



जुलै महिन्यात घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका काढायला बसलो की आमच्या शाळेतलं झेरॉक्स मशीन हमखास रुसतं. कोरा कागद हाताला ओलसर लागतो, त्याच्या कडा वाकतात, आणि दहा प्रती निघाल्या की अकरावा कागद आत अडकून बसतो. मग शिपाईकाका कागदाचा गठ्ठा बल्बच्या उबेला ठेवतात, तेव्हा कुठे काम पुढे सरकतं. कागद तोच, मशीनही तेच. बदललेली असते ती फक्त हवा.

जवळपास हीच अडचण १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्याला आली होती. ती सोडवायला पंचवीस वर्षांचा एक नवखा इंजिनिअर बसला आणि त्यातून जे यंत्र तयार झालं, त्याचाच वारसा आज आपण एसी म्हणून ओळखतो. त्या इंजिनिअरचं नाव विलिस हॅविलँड कॅरियर. आजच्या पाठात आपण त्यांचं चरित्र पाहणार आहोत. आणि शेवटी त्यांच्याच पद्धतीने व्यवहारातला एक प्रश्न सोडवणार आहोत : दुकान, शाळा किंवा सभागृह यांच्या छतावर बसवायचं गरम-थंड हवेचं मोठं यंत्र निवडायचं तरी कसं?

बालपण : सफरचंदांचे तुकडे

विलिस यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, ईरी सरोवराजवळच्या अँगोला या छोट्या गावी झाला. घर शेतकऱ्याचं. वडिलांचं नाव ड्युएन, आईचं एलिझाबेथ. विलिस एकुलता एक. घरात खेळायला भावंडं नाहीत, त्यामुळे मोठ्या माणसांत आणि आपल्याच विचारांत रमणारा मुलगा.

आईचे हात मोठे कसबी होते. घरातलं घड्याळ बंद पडलं की ती स्वतः उघडून दुरुस्त करायची, शिवणयंत्राचंही तसंच. मुलाला मात्र एक गोष्ट काही केल्या जमेना : अपूर्णांक! वर्गात पाठ करून उत्तर द्यायचा, पण अर्ध्यात पाव मिळवला की काय होतं हे डोक्यात शिरत नव्हतं. एक दिवस आईने त्याला तळघरातून सफरचंदं आणायला लावली. ती कापून अर्धे, पाव, आठवा हिस्सा असे तुकडे करायला लावले. मग तेच तुकडे जोडायचे, वजा करायचे. आपल्याकडे भाकरीची अर्धी, चतकोर, नितकोर करून शिकवतात ना, अगदी तसंच. मुलाला गणित समजलंच, पण त्याहून मोठी गोष्ट समजली : अवघड प्रश्न समोर आला की त्याचे हाताळता येतील एवढे तुकडे करायचे. पुढे आयुष्यभर त्यांनी हा धडा आठवणीत ठेवला.

विलिस अकरा वर्षांचे असताना आई गेली. शिकवण तेवढी राहिली.

शिक्षण : आधी मास्तर, मग विद्यार्थी

शाळा संपली तेव्हा कॉलेजात जायची ओढ होती, पण खिशात पैसे नव्हते. १८९३ साली अमेरिकेत मोठी मंदी आली होती आणि शेतकऱ्यांची घरं कर्जाखाली दबली होती. विलिस यांनी काही काळ गावाकडे शाळामास्तराची नोकरी केली. (हे वाचून आम्हा शिक्षकांची कॉलर थोडी ताठ होते, हे मान्य करतो!) नंतर बफेलो शहरात राहून कॉलेजप्रवेशासाठी कमी पडणारे विषय पुरे केले आणि शिष्यवृत्तीच्या बळावर १८९७ साली कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले.

शिष्यवृत्तीत जेवणखाण भागत नव्हतं. म्हणून लोकांची हिरवळ कापणं, घरच्या भट्ट्या पेटत्या ठेवणं अशी मिळतील ती कामं केली. एका सोबत्याबरोबर विद्यार्थ्यांसाठी सहकारी लाँड्रीही चालवली. कमवा आणि शिका हे आपल्याला कर्मवीर भाऊराव पाटलांमुळे ठाऊक आहे. त्याच वाटेने हा मुलगाही चालला. १९०१ साली इंजिनिअरिंगची पदवी हातात पडली.

पहिली नोकरी : अंदाजपंचे कारभाराला आळा

पदवी मिळताच बफेलो फोर्ज या कंपनीत नोकरी लागली. पगार आठवड्याला १० डॉलर. ही कंपनी मोठे पंखे आणि गरम हवेची यंत्रं बनवायची. लाकूड वाळवायला, कॉफी सुकवायला, कारखाना उबदार ठेवायला अशी यंत्रं लागत.

इथे कॅरियर यांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. गिऱ्हाइकाला किती मोठं यंत्र लागेल, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं! वाफेच्या नळ्यांवरून अमुक वेगाने हवा गेली तर ती किती तापेल, याचे भरवशाचे आकडेच नव्हते. मग काय, अंदाज करायचा आणि कमी पडू नये म्हणून वर थोडं जास्तीचं धरायचं. कधी यंत्र गरजेपेक्षा मोठं व्हायचं, पैसा वाया जायचा. कधी कमी पडायचं, मग गिऱ्हाईक भांडायला यायचं.

कॅरियर यांनी तक्रार करत बसण्यापेक्षा प्रयोग सुरू केले. नळ्यांच्या रांगा, वाफेचा दाब, हवेचा वेग यांची मोजमापं घेतली आणि त्यांचे तक्ते तयार केले. आता यंत्र निवडायचं म्हणजे तक्त्यात बघायचं. छातीठोकपणे आकडा सांगता येऊ लागला. या कामाचं मोल कंपनीला पटलं आणि नव्याने आलेल्या या तरुणाकडे संशोधनाचं काम सोपवलं गेलं.

मुलांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. एसीच्या आधी कॅरियर यांनी केलेलं काम हे होतं : अंदाजाच्या जागी मोजमाप आणणं.

ब्रुकलिनचा छापखाना

आता छापखान्याकडे येऊ. सॅकेट-विल्हेल्म्स नावाचा हा छापखाना रंगीत छपाई करायचा. रंगीत चित्र छापताना एकच कागद प्रत्येक रंगासाठी पुन्हा पुन्हा यंत्रात जातो. पहिला रंग छापला तेव्हा हवा कोरडी आणि दुसऱ्याच्या वेळी दमट असेल, तर मधल्या काळात कागद किंचित फुगतो. मग लाल रंग एकीकडे, निळा दुसरीकडे, आणि चित्रातल्या बाईचे ओठ गालावर! सगळा छापील माल रद्दीत जायचा. उन्हाळ्यात तर कहर व्हायचा.

छापखान्याला थंडावा नको होता. त्याला हवेतल्या ओलाव्यावर ताबा हवा होता. हा फरक फार महत्त्वाचा आहे. खोली गरम करण्याची यंत्रं होती, बर्फावरून पंख्याने वारा सोडून गारवा आणण्याचे प्रयत्नही झाले होते; पण हवेत पाण्याची वाफ ठरावीकच राहील, अशी सोय कुणी करून दिली नव्हती.

कॅरियर यांनी हवामान खात्याचे आर्द्रतेचे तक्ते समोर घेतले. वाफेऐवजी नळ्यांमधून थंड पाणी खेळवलं तर त्यांच्यावर हवेतली वाफ दवासारखी जमेल, हे त्यांनी ओळखलं. किती पाणी, किती थंड, किती हवा याचा हिशोब मांडला आणि १७ जुलै १९०२ रोजी या यंत्रणेचे आराखडे पूर्ण झाले. वर्षभर सापेक्ष आर्द्रता ५५ टक्के ठेवायची, हे उद्दिष्ट होतं. यंत्रणेची थंड करण्याची क्षमता रोज १,०८,००० पौंड बर्फ वितळवण्याइतकी होती. आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ हाच मानला जातो.

टन म्हणजे वजन नव्हे

इथे जरा थांबून एक गणित करू. एसीच्या दुकानात दीड टन, दोन टन असं म्हणतात. तो टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे! एक अमेरिकन टन, म्हणजे २,००० पौंड किंवा सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता बाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन.

दहावीच्या विज्ञानात आपण शिकलो आहोत की १ ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात. म्हणजे ९०७ किलोला ९०७ × ८० = ७२,५६० किलोकॅलरी. याला २४ ने भागा : तासाला सुमारे ३,०२३ किलोकॅलरी. विजेच्या भाषेत हे साधारण ३.५ किलोवॅट होतात. आता १,०८,००० पौंडांना २,००० ने भागून पाहा. ब्रुकलिनची यंत्रणा ५४ टनांची होती.

पिट्सबर्गचं धुकं

त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी कॅरियर पिट्सबर्ग स्टेशनच्या फलाटावर गाडीची वाट बघत उभे होते. सगळीकडे दाट धुकं. तुम्ही-आम्ही गाडीला उशीर होणार म्हणून चरफडलो असतो. यांच्या डोक्यात मात्र वेगळंच चक्र सुरू झालं.

धुकं म्हणजे संपृक्त हवा. तिच्यात आणखी वाफ मावत नाही, म्हणून पाण्याचे थेंब दिसतात. तरीसुद्धा त्या थंडीत हवेत एकूण वाफ फार थोडी होती, कारण थंड हवेत वाफ मावतेच कमी. मग आपण हवी तितकी थंड, संपृक्त हवा मुद्दाम तयार केली तर? तिचं तापमान माहीत असलं की तिच्यात वाफ किती, हेही पक्कं माहीत. नंतर तीच हवा हवी तेवढी गरम करायची. वाफ तेवढीच राहणार!

आकड्यांत पाहू. ३० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. १० अंशाला मावते फक्त ९.४ ग्रॅम. पावसाळी हवा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेची असेल तर तिच्यात सुमारे २४ ग्रॅम वाफ आहे. ती १० अंशापर्यंत गार केली की निम्म्याहून जास्त वाफेचं पाणी होऊन खाली पडतं. उरलेली हवा पुन्हा २५ अंशापर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते. छान कोरडी हवा!

आणि ही संपृक्त हवा तयार कशी करायची? हवेत पाण्याचे बारीक तुषार उडवून. आता गंमत बघा, हवा कोरडी करायची तर तिच्यात पाणी फवारायचं! ऐकायला वेडेपणा वाटतो. पण ते पाणी हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड असेल, तर हवेतली वाफ त्या थेंबांवरच जमते. गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, तसंच. तुषारांचं तापमान बदललं की हवेतला ओलावा बदलतो. या यंत्राचं पेटंट त्यांना २ जानेवारी १९०६ रोजी मिळालं.

एअर कंडिशनिंग हा शब्द मात्र कॅरियर यांचा नाही. तो १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर या कापड गिरण्यांच्या इंजिनिअरने वापरात आणला. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून गिरण्यांनाही हवेचा ओलावा राखावा लागायचा. पुढच्याच वर्षी कॅरियर यांची यंत्रणा जपानमधल्या योकोहामाच्या एका रेशीम गिरणीपर्यंत पोहोचली.

अपयशाची रात्र

सगळं असं सुरळीत चाललं असेल असं समजू नका. याच काळात मिसुरी राज्यातल्या क्रिस्टल सिटीमधल्या एका काच कारखान्यात त्यांना वायू शुद्ध करणारं यंत्र बसवायचं होतं. यंत्र बसलं, चाललंही; पण कबूल केलेलं काम काही होईना. कॅरियर यांचं पोट बिघडलं, झोप उडाली. जाणत्या माणसाचं नाव एका फटक्यात जाणार, अशी अवस्था.

मग त्यांनी काळजीचे सुद्धा तुकडे पाडले! पहिला तुकडा : वाईटात वाईट काय होईल? तुरुंगात तर कुणी टाकणार नाही. फार तर नोकरी जाईल आणि यंत्र काढून न्यावं लागल्याने कंपनीचे २०,००० डॉलर बुडतील. दुसरा तुकडा : तसं झालंच तर ते सोसायची मनाची तयारी करायची. तिसरा तुकडा : आता शांत डोक्याने ते नुकसान कमी कसं होईल ते बघायचं. मन स्थिर झाल्यावर पुन्हा चाचण्या घेतल्या, तेव्हा कळलं की आणखी ५,००० डॉलरची जोड यंत्रणा बसवली तर काम होईल. तसं केलं आणि बुडणारा व्यवहार तरला. डेल कार्नेगी यांनी काळजीवरच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात ही हकीकत दिली आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप येत नसेल, तर हे तीन तुकडे करून बघा.

हवेचा नकाशा

डिसेंबर १९११ मध्ये कॅरियर यांनी अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे एक निबंध वाचला. हवेचं तापमान, तिच्यातली वाफ, दवबिंदू आणि उष्णता यांचं नातं त्यांनी सूत्रांत आणि एका आलेखात बसवलं. त्याला सायक्रोमेट्रिक आलेख म्हणतात. हवा आत्ता कुठे आहे आणि तिला कुठे न्यायचं आहे, हे दोन बिंदू त्यावर मांडले की मधली वाट दिसते. किती गार करायचं, किती पाणी काढायचं, सगळं. जगभरचे इंजिनिअर आजही हा आलेख वापरतात.

त्यानंतर काही महिन्यांतच, १९१२ साली, त्यांच्या पत्नी एडिथ यांचं निधन झालं. कीर्ती दारात आली तेव्हाच घरावर हे दुःख कोसळलं. पुढे त्यांनी पुन्हा लग्न केलं; दोन मुलांना दत्तक घेऊन वाढवलं.

सात जणांची उडी

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. बफेलो फोर्जने हात आखडता घेतला आणि फक्त कारखान्याच्या उत्पादनावर लक्ष द्यायचं ठरवलं. वातानुकूलनाचं काम बंद पडणार अशी चिन्हं दिसू लागली. पक्की नोकरी धरून राहायचं, की आपल्याला पटलेल्या कामासाठी उडी घ्यायची? कॅरियर, त्यांचे जिवलग मित्र आयर्विन लाइल आणि आणखी पाच जण, अशा सात इंजिनिअरांनी ३२,६०० डॉलर उभे केले आणि २६ जून १९१५ रोजी कॅरियर इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन ही कंपनी काढली. सावकाराचं पाठबळ नाही, युद्धाचा काळ, आणि विकायचं काय तर डोळ्यांना न दिसणारी हवा!

त्यांना पुढे नेलं ते एका नव्या यंत्राने. त्या काळची शीतयंत्रं अवाढव्य असत आणि बऱ्याच यंत्रांत अमोनिया वापरत. अमोनिया गळला तर माणसांच्या जिवावर बेतणार. अशी यंत्रं लोकांच्या गर्दीत कोण बसवणार? कॅरियर यांनी अपकेंद्री म्हणजे गरगर फिरणाऱ्या चक्राने वायू दाबणारं शीतयंत्र बनवलं आणि त्यात तुलनेने कमी धोक्याचा द्रव वापरला. मे १९२२ मध्ये ते लोकांपुढे मांडलं गेलं. जागा कमी, भाग कमी.

पंखे थांबले

१९२४ साली डेट्रॉइटच्या हडसन या मोठ्या दुकानात ही यंत्रं लागली. तळघरातल्या स्वस्त मालाच्या विभागात उकाड्याने गिऱ्हाइकांना चक्कर यायची, तिथे आता गर्दी वाढली. आणि १९२५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या रिव्होली चित्रपटगृहाची पाळी आली.

उन्हाळ्यात तेव्हा चित्रपटगृहं ओस पडत. काही ठिकाणी गार हवा सोडायचे, पण ती जमिनीतून. पाय गारठायचे आणि डोकं तापलेलं! कॅरियर यांच्या मंडळींनी गार हवा वरून, हळुवार, आधीच्या हवेत मिसळून सोडायची युक्ती आणली.

पहिल्या खेळाला लोक हातपंखे घेऊनच आले. यंत्र सुरू व्हायला उशीर झाला होता. माणसांनी भरलेलं सभागृह गार व्हायला आणखी वेळ लागत होता. पॅरामाउंटचे प्रमुख अडॉल्फ झुकोर स्वतः बाल्कनीत बसलेले. सगळीकडे पंखे हलताहेत आणि कॅरियर यांच्या काळजाचे ठोके वाढताहेत. मग एक पंखा थांबला. दुसरा थांबला. हळूहळू सगळे पंखे मांडीवर विसावले. लोक गारवा विसरून सिनेमात रमले होते. झुकोर यांनाही खात्री पटली. त्यानंतर शेकडो चित्रपटगृहांनी ही यंत्रणा घेतली. आपल्या मुंबईत कुलाब्याचं रीगल १९३३ साली सुरू झालं, तेही वातानुकूलित.

१९२८ मध्ये अमेरिकेच्या संसदेच्या प्रतिनिधीगृहात आणि १९२९ मध्ये सिनेटमध्ये ही सोय झाली. नंतर महामंदी आली. १९३० मध्ये दोन कंपन्यांशी विलीनीकरण करून कॅरियर कॉर्पोरेशन उभी राहिली आणि १९३७ मध्ये ती सिरॅक्यूज शहरात गेली. दुसऱ्या महायुद्धात क्लीव्हलँडला विमानाच्या चाचण्यांसाठी अतिउंचावरची कडाक्याची थंडी जमिनीवर तयार करायची होती. ते अवघड कामही कॅरियर यांनी पार पाडलं. हृदयविकारामुळे १९४८ साली ते निवृत्त झाले आणि ७ ऑक्टोबर १९५० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं.

कॅरियर यांच्या पद्धतीने छतावरचं यंत्र निवडू

त्यांच्या पश्चात अमेरिकेत सपाट छपराची एकमजली दुकानं, सुपरमार्केट, शाळा झपाट्याने उभ्या राहिल्या. त्यांच्या छतावर एक मोठी पेटी बसवायची पद्धत रूढ झाली. त्या एकाच पेटीत गार करणाऱ्या नळ्या, कॉम्प्रेसर, पंखा, गाळण्या आणि थंडीसाठी गॅसची भट्टी, सगळं असतं. खालच्या मोठ्या नळातून हवा थेट इमारतीत. जागा वाचते, दुरुस्तीवालाही परस्पर छतावर जातो.

ही पेटी घेताना होणारी मोठी चूक म्हणजे जुन्या पेटीवरचा टनाचा आकडा बघून तेवढीच, किंवा बरं म्हणून थोडी मोठी घेणं. म्हणजे पुन्हा अंदाजपंचे! कॅरियर यांच्या रीतीने प्रश्नाचे तुकडे करू.

पहिला तुकडा, उष्णता किती? छत, भिंती, काचा, दिवे, यंत्रं आणि माणसं यांची उष्णता वेगवेगळी मोजायची. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता देतो. ३०० माणसांच्या सभागृहात नुसत्या माणसांचीच ३० किलोवॅट झाली. ३.५ ने भागा : जवळजवळ साडेआठ टन! तेवढ्याच क्षेत्रफळाच्या गोदामात दोनच माणसं असतील तर हिशोब पार बदलतो. म्हणून नुसत्या चौरस फुटांवरून टन ठरवू नयेत.

दुसरा तुकडा, ओलावा किती? टेक्सासमधलं ह्यूस्टन दमट आहे, ॲरिझोनातलं फिनिक्स कोरडं. दोन्हीकडे सारखंच दुकान असलं तरी ह्यूस्टनच्या यंत्राला वाफेचं पाणी करायलाही ताकद लागते. ती वाफ आपला अप्रकट उष्मा सोडते ना! आपल्याकडे नागपुरात वाळ्याचा कूलर छान चालतो आणि रत्नागिरीत चालत नाही, त्याचं कारण हेच. म्हणून एकूण टनांबरोबर यंत्र ओलावा किती काढतं, हेही कंपनीच्या तक्त्यात पाहायचं. एका टनामागे मिनिटाला ४०० घनफूट हवा असा सर्वसाधारण हिशोब असतो. दमट ठिकाणी ती थोडी कमी ठेवली की हवा नळ्यांवर जास्त गार होते आणि पाणी जास्त निघतं.

इथेच मोठ्या यंत्राचा तोटा कळतो. गरजेपेक्षा मोठं यंत्र खोली पाच मिनिटांत गार करतं आणि बंद पडतं. ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार, पण ओलसर. भिंतीला बुरशी, कागद सादळलेले, आणि सतत चालू-बंद होऊन कॉम्प्रेसरचं आयुष्य कमी. पैसा जास्त मोजून त्रास विकत घेतल्यासारखं झालं की नाही?

तिसरा तुकडा, ताजी हवा किती? माणसं जिथे बसतात तिथे बाहेरची हवा आत घ्यावीच लागते. वर्गात तर नक्कीच, नाहीतर मुलं डुलक्या काढतात. ही हवा गरम आणि दमट असेल तर तिचाही भार धरायचा. उलट बाहेर गार आणि कोरडं असेल तेव्हा कॉम्प्रेसर बंद ठेवून बाहेरच्या हवेवरच काम भागवणारी झडप मिळते. ती वीज वाचवते.

चौथा तुकडा, उब किती? गारव्याचे टन आणि थंडीतली भट्टी यांचा हिशोब वेगळा करायचा. मिनेसोटात बर्फ पडतो, तिथे भट्टी मोठी लागेल; फ्लोरिडात थंडी थोडी, तिथे उलट दिशेनेही चालणारा हीट पंप पुरेल.

पाचवा तुकडा, छत आणि पुढची वर्षं. छपराला वजन पेलेल का, जुनी चौकट आणि नळाची तोंडं नव्या पेटीशी जुळतील का, गाळण्या बदलायला जागा आहे का? यंत्र वर्षभर किती वीज खाईल, त्यात कोणता शीतक वायू आहे? जुन्या शीतकांनी ओझोनच्या थराला इजा केली, म्हणून १९८७ चा माँट्रिअल करार झाला. नंतरच्या आर-४१०ए ने ओझोन वाचवला, पण तो पृथ्वी तापवतो. आता त्याच्या जागी आर-३२ आणि आर-४५४बी सारखे वायू येऊ लागले आहेत. घरातली उष्णता आपण बाहेर टाकतो आणि त्यासाठी वीजही जाळतो, हे विसरून चालणार नाही. म्हणूनही यंत्र गरजेपुरतंच असावं.

पाचही तुकड्यांची उत्तरं कागदावर लिहून झाली की मगच दुकानदाराकडे जायचं. तोवर यंत्राचा आकडा कुणी सांगितला तर त्याला हिशोब मागायचा.

थोडक्यात जीवनपट

१८७६ – अँगोला, न्यूयॉर्क येथे जन्म
१९०१ – कॉर्नेल विद्यापीठाची पदवी. बफेलो फोर्जमध्ये नोकरी
१९०२ – ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी वातानुकूलन यंत्रणेचे आराखडे
१९०६ – हवेवर प्रक्रिया करणाऱ्या यंत्राचे पेटंट
१९११ – सायक्रोमेट्रिक सूत्रांचा निबंध सादर
१९१५ – सहा सहकाऱ्यांसह स्वतःच्या कंपनीची स्थापना
१९२२ – अपकेंद्री शीतयंत्र
१९२५ – रिव्होली चित्रपटगृह वातानुकूलित
१९५० – न्यूयॉर्क येथे निधन

स्वाध्याय

१. छापखान्याची खरी अडचण तापमानाची होती की आर्द्रतेची? कारण लिहा.
२. पाणी फवारून हवा कोरडी कशी होते, ते दवबिंदूच्या साहाय्याने स्पष्ट करा.
३. १० टनांचे यंत्र किती किलोवॅट उष्णता बाहेर काढते?
४. तुमच्या वर्गातील विद्यार्थ्यांची एकूण उष्णता काढा. तिच्यासाठी किती टन लागतील?
५. उपक्रम : स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात थोडा थोडा बर्फ टाका. बाहेरून दव जमू लागेल तेव्हाचे पाण्याचे तापमान नोंदवा. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात हाच प्रयोग करून दोन्ही नोंदींची तुलना करा.

हा शेवटचा उपक्रम जरूर करा. नोंदी वहीत तारखेसह लिहा आणि वर्गात दाखवा. कॅरियर यांचीही सुरुवात मोजमापांच्या अशाच तक्त्यांपासून झाली होती.